हाकेचें नांव

गेल्या खेपेस आमचें हें पान रिकामें राहिलें. घरांत कांहीं शुभ किंवा अशुभ घडल्यावांचून आमची लेखणी स्वस्थ बसत नाहीं, हें नेहमींच्या वाचकांस ठाऊक आहेच. या वेळीं शुभच घडलें. चैत्रांत आमच्या घरीं पाळणा हालला. सूनबाईंचें हें दुसरें बाळंतपण, म्हणून तें सासरीं. त्यामुळें पुण्याचें बिऱ्हाड कांहीं दिवस बंद करून मंडळी अंबडास आली आणि आमच्या जुन्या वाड्यांत पुष्कळ वर्षांनीं धुरीचा नि वेखंडाचा वास दरवळूं लागला.

मूल व बाळंतीण सुखरूप आहेत एवढें कळलें कीं पुढचा विषय नांवाचा. सूनबाईंनीं आपल्या फोनमध्यें नांवांची एक यादीच करून ठेवली होती. त्यांनीं ती मला मोठ्या आदरानें दाखविली, कारण "बाबांना संस्कृत येतं" अशी घरांत माझी ख्याति आहे. यादींत पहिलें नांव होतें 'कियान'. मीं धातुपाठ मनांतल्या मनांत धुंडाळला. कांहीं हातीं लागेना. दुसरें 'रियांश'. यांतला अंश समजला, पण तो कोणाचा तें समजेना. "छान आहेत हो," एवढें म्हणून मीं चष्मा काढून ठेवला. माझ्याहि मनांत एक नांव होतें, आणि तें तेथें आहे हें घरांत सर्वांना ठाऊक होतें. पण मीं तें बोलावें म्हणून कोणी वाट पाहत नव्हतें. उलट मीं तें बोलूं नये म्हणूनच सगळे जपत आहेत असा मला संशय आला.

त्या शांततेचा भंग आमच्या आठ वर्षांच्या थोरल्या नातवानें केला. त्याला बुद्धिबळाचें वेड आहे. "आजोबा, मॅग्नस ठेवूं या!" तो म्हणाला. घरांत हशा पिकला. मॅग्नस कार्लसन हा नॉर्वे देशाचा बुद्धिबळपटु. २०१३ सालीं चेन्नईस आपल्या विश्वनाथन आनंदाला हरवून तो जगज्जेता झाला, आणि २०२३ सालीं आपण होऊन सोडीपर्यंत तें पद त्याच्याकडेच राहिलें. "आनंदाला हरविणाराचें नांव आपल्या घरांत?" असें म्हणून मींहि हसून घेतलें. परंतु मास्तरकीची खोड अशी कीं मुलानें कांहीं विचारलें किंवा सुचविलें, तर तें नुसतें हसण्यावारी नेववत नाहीं. रात्रीं बसून मीं त्या नांवाची चौकशी केली, आणि जें सांपडलें तें वाचकांना सांगण्यासारखें आहे.

सुमारें एक हजार वर्षांपूर्वींची गोष्ट. नॉर्वेंत त्या वेळीं ओलाव नांवाचा राजा होता. पुढें ख्रिस्ती लोक त्याला संत मानूं लागले. इसवी सन १०२४ च्या सुमारास आल्वहिल्ड नांवाच्या त्याच्या एका दासीस रात्रीच्या वेळीं मुलगा झाला. मूल इतकें अशक्त कीं तें सकाळ पाहील याची कोणास खात्री नव्हती. ख्रिस्ती समजुतीप्रमाणें बाप्तिस्म्यावांचून आणि नांवावांचून तें गेलें असतें तर त्यास गति नव्हती. राजा झोंपलेला, आणि राजाला झोंपेंतून उठविण्याची सक्त मनाई. उपाध्याय तर म्हणे, राजाच्या परवानगीवांचून मी राजपुत्राचें नांव कसें ठेवूं? तेव्हां सिग्वात नांवाचा आइसलंडचा एक दरबारी कवि पुढें झाला. सारी जबाबदारी त्यानें अंगावर घेतली आणि उपाध्यायाकडून मुलाचें नांव ठेवविलें 'मॅग्नस'. सकाळीं राजा भयंकर संतापला. हें नांव आमच्या कुळांत नाहीं, तूं कोठून आणलेंस, असें त्यानें विचारलें. कवीनें उत्तर दिलें कीं, पृथ्वीवर होऊन गेलेला सर्वांत थोर पुरुष म्हणजे कार्ल महाराजा, त्याच्या नांवावरून मीं तें ठेविलें. राजाचा राग निवळला. तेराव्या शतकांत स्नोरी स्टुर्लुसन नांवाच्या आइसलंडी पंडितानें राजांचा जो इतिहास लिहिला आहे त्यांत ही कथा आली आहे.

यांतली गंमत अशी कीं हा कार्ल, म्हणजे इ. स. ८१४ त वारलेला फ्रँक लोकांचा सम्राट, याचें नांव मॅग्नस नव्हतेंच. 'मॅग्नस' हें लॅटिनमधलें विशेषण, अर्थ 'थोर'. आपल्या 'महत्' शब्दाचा तो दूरचा भाऊबंद आहे, त्यामुळें मला एकदम घरचा माणूस भेटल्यासारखें झालें. कवीनें थोर कार्लांतला कार्ल टाकला आणि थोर तेवढा उचलला. विशेषणाचें विशेषनाम झालें. तें मूल जगलें. १०३५ त नॉर्वेचा आणि १०४२ त डेन्मार्कचाहि राजा झालें, आणि प्रजेनें त्याला 'भला मॅग्नस' म्हटलें. पुढें नॉर्वेंत या नांवाचे एकंदर सात राजे झाले. त्यांतल्या सहाव्यानें १२७४ सालीं साऱ्या देशासाठीं एक कायदा केला. आज त्या देशांत विचाराल तर मॅग्नस म्हणजे अगदीं जुनें, वाडवडिलांच्या वेळचें नांव. म्हणजे ज्या नांवाबद्दल बाप संतापला होता, तेंच पुढें कुळाचें नांव झालें.

मीं हें सर्व दुसऱ्या दिवशीं घरांत सांगितलें. नातू खूष झाला. सूनबाई म्हणाल्या, "म्हणजे बाबा, नवीन नांव ठेवायला हरकत नाहीं." आपल्याच दाखल्यानें आपण सांपडलों हें माझ्या ध्यानांत आलें, परंतु उशिरा.

माझ्या मनांतलें नांव 'नारायण'. आमच्या आजोबांचें तें नांव. माझ्या थोरल्या बंधूंचेंहि तेंच. आजोबांचें नांव नातवास ठेवण्याची आपल्याकडील रीत वाचकांस सांगायला नको. पणजोबा गणेश, आजोबा नारायण, वडील गणेश, बंधु पुन्हां नारायण. अशी रहाटगाडग्याप्रमाणें वर-खालीं होणारीं दोनच नांवें आमच्या वंशावळींत सांपडतात. बंधूंच्या पिढीनंतर हें गाडगें थांबलें.

व्याकरणाच्या दृष्टीनें हें नांव मोठें गोड आहे. 'नारा' म्हणजे पाणी, तें ज्याचें 'अयन' म्हणजे राहण्याचें ठिकाण, तो नारायण, अशी व्युत्पत्ति मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायांत सांगितली आहे. दुसरी व्युत्पत्ति अशी कीं, नराच्या कुळांत जन्मलेला तो नारायण. आतां, 'अयन' या शब्दांत न आहे आणि 'नारायण' मध्यें ण कसा? विद्यार्थी हें विचारीत नाहींत, तें मास्तरालाच विचारावें लागतें. पाणिनीचा नियम असा कीं समासाच्या पहिल्या पदांत र असेल तर पुढच्या पदांतील न चा ण होतो, परंतु केव्हां? तो शब्द कोणाचें तरी नांव असेल तेव्हां. नुसता अर्थ सांगायचा असेल तर न. हाक मारायची असेल तर ण! आमच्या आजोबांचें निम्में आयुष्य निजामशाहींत गेलें. सरकारी दफ्तर उर्दूंत, आणि उर्दू लिपींत ण नाहीं. त्यामुळें पाणिनीनें दिलेला ण निजामाच्या कागदांत गळाला, आणि जमिनीच्या जुन्या उताऱ्यांत आजोबा 'नारायन राव' असेच राहिले.

बारा महिन्यांना केशवादि बारा नांवें वांटून दिलेलीं आहेत, त्यांत पौषाच्या वांट्यास नारायण आला आहे. पौषांतल्या आदित्यवारीं सूर्याची पूजा होते, आणि आपल्या बायका सूर्याला नुसतें सूर्य न म्हणतां सूर्यनारायण म्हणतात, हा मेळ मला फार आवडतो. त्यावरूनच मला आमच्या जिल्ह्यांतल्या सर्वांत थोर नारायणाची आठवण होते.

जालना जिल्ह्यांत घनसावंगी तालुक्यांत जांब नांवाचें गांव आहे. तेथें सूर्याजीपंत ठोसर नांवाचे सूर्योपासक गृहस्थ राहत. पत्नीचें नांव राणूबाई. श्रावणांतल्या आदित्यराणूबाईच्या कहाणीची ज्यांना आठवण आहे, त्यांना सूर्याजी आणि राणूबाई हें जोडपें ऐकून मौज वाटेल. त्यांना दोन मुलगे. थोरला गंगाधर, आणि शके १५३० च्या चैत्र शुद्ध नवमीस, म्हणजे १६०८ सालीं, ऐन रामनवमीस झालेला धाकटा नारायण. सूर्याच्या प्रसादानें झालेला म्हणून नारायण, असें चरित्रकार सांगतात. हा नारायण बारा वर्षांचा असतां बोहल्यावरून 'सावधान' ऐकून पळाला, नाशिकजवळ टाकळीस बारा वर्षें राहिला, बारा वर्षें देश फिरला, आणि पुढें सज्जनगडावर शके १६०३ च्या माघ वद्य नवमीस त्यानें देह ठेविला, तो नारायण म्हणून नव्हे, तर समर्थ रामदास म्हणून.

शाळेंत असतांना मी मुलांना घेऊन जांबेस जात असें. तेथें रामाचें मंदिर आहे. मी मुलांना विचारीत असें, "येथें कोण जन्मलें?" सारीं एका सुरांत म्हणत, "रामदासस्वामी!" मग मी म्हणें, "त्या दिवशीं येथें रामदास नव्हता रे. एक नारायण होता." गांवाचें नांवहि आतां जांब-समर्थ झालें आहे. समर्थ गांवाला चिकटले. नारायण मात्र कोठें उरला नाहीं. एकाच ठिकाणीं उरला होता. तीर्थयात्रा संपवून स्वामी चोवीस वर्षांनीं घरीं आले, तेव्हां रडून रडून आईचे डोळे गेलेले होते, अशी परंपरागत कथा आहे. दारांत गोसावी उभा राहिला. थोरल्या सुनेनें भिक्षा आणली, ती तो घेईना. आवाज ऐकून आंतून आईनें विचारलें, माझा नारोबा आला काय? साऱ्या देशांत जो रामदास होऊन आला होता, तो त्या एका उंबऱ्यावर नारोबा होता. चरित्रांत पुढें चमत्कार आहे, आईला दृष्टि आली असा. मला विचाराल तर मोठी गोष्ट त्याच्या आधींच घडून गेलेली आहे.

हें नांव झांकलें जाण्याचा योगच कांहीं विलक्षण दिसतो. श्रीपादराव राजहंसांच्या घरीं २६ जून १८८८ रोजीं जन्मलेल्या नारायणाला लोकमान्य टिळकांनीं लहानपणींच बालगंधर्व म्हटलें आणि महाराष्ट्र तेंच नांव घेऊन बसला. तरी नाटकमंडळींतले सोबती त्यांना 'नारायणराव' म्हणत, हें बरें. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण नांव नारायणच ठेविलें. धर्म बदलला, देव बदलला, आईबापांनीं दिलेली हाक बदलली नाहीं; हें आमच्या वडीलधाऱ्यांनीं फारसें लक्षांत घेतलें नाहीं. आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं 'स्मृतिचित्रें' लिहिलीं, तर त्यांत नवऱ्याचा उल्लेख 'टिळक' असा! पेशव्यांच्या घरांतला नारायणराव अठराव्या वर्षीं, ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, शनिवारवाड्यांत मारला गेला. त्यानें मारलेली हाक सगळ्यांना पाठ आहे. छापील जगांत तर हें नांव एका अक्षरापुरतेंच उरतें. ना. सी. फडके, ना. ह. आपटे, ना. ग. गोरे, पुस्तकाच्या कपाटांत किती तरी नारायण 'ना.' होऊन उभे आहेत, आणि एका विद्यार्थ्यानें मला भाबडेपणानें विचारलें होतें कीं, हे सर्व नामदार होते काय?

दोन नारायण मात्र असे कीं ज्यांचें नांव झांकलें गेलें नाहीं, आणि दोघेहि गिरणगांवाशीं जोडलेले. पहिले नारायण मेघाजी लोखंडे. १८४८ चा त्यांचा जन्म. १८८४ सालीं त्यांनीं मुंबईच्या गिरणी-कामगारांचें मंडळ काढलें, आणि वर्षानुवर्षें झगडून १० जून १८९० पासून कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली. सूर्याच्या वारीं गिरणी थांबली ती एका नारायणामुळें, ही कांहीं माझी कोटी नव्हे. योगायोग आहे, पण सुंदर आहे. दुसरे कवि नारायण सुर्वे. ते अनाथ; गंगाराम सुर्वे नांवाच्या गिरणी-कामगारानें तें उघड्यावर सोडलेलें मूल घरीं आणलें, पतिपत्नींनीं वाढविलें, आपलें आडनांव दिलें. पुढें १९६२ सालीं 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा पहिला संग्रह निघाला, १९९८ त पद्मश्री मिळाली, आणि २०१० त ते वारले. ज्या मुलाला ना आजोबा होते, ना वंशावळ, त्याला कामगाराच्या घरीं हें नांव मिळालें. आमच्याकडे आजोबा होते, वंशावळ होती, कुळाचें नांव होतें. आणि तरी आमच्या नारायणाची काय अवस्था झाली, तें आतां सांगतों.

सुनेनें सासऱ्याचें नांव घेऊं नये ही रूढि. आमच्या मातोश्रींनीं ती इतकी पाळली कीं आजोबा वारल्यावर झालेल्या पहिल्या मुलाचें नांव जेव्हां नारायण ठेविलें गेलें, तेव्हां तिच्यापुढें पेंच पडला. आपल्याच मुलाला हांक कशी मारावी? आजीच्या तर नवऱ्याचें नांव. ती उखाण्यापलीकडे तें कधींच घेत नसे. वडिलांना बापाच्या नांवानें मुलावर ओरडणें जड वाटे. मग तो मुलगा 'बापू' झाला. आई सत्यनारायणाला 'सत्यदेव' म्हणे, सूर्यनारायणाला 'सूर्यदेव', आणि सोवळें इतकें कडक कीं नारळालाहि 'श्रीफळ'. भागवताच्या सहाव्या स्कंधांतली अजामिळाची कथा आमच्या घरीं दर चातुर्मासांत वाचली जाई. अजामिळानें मरतेवेळीं धाकट्या मुलाला नांवानें हाक मारली, तें नांव नारायण होतें, म्हणून तो तरला. मुलांना देवांचीं नांवें ठेवावींत, म्हणजे दिवसांतून दहा वेळां आपोआप नामस्मरण घडतें, असें वडील त्यावर सांगत. आई मान डोलावी. आणि आमच्या घरांत तें नांव मुद्दाम अशा मुलाला दिलेलें होतें कीं त्याला त्या नांवानें कोणीच हाक मारूं नये!

१९६२ च्या फाल्गुनांत आम्ही पैठणास नाथषष्ठीला गेलों. बापू सहा वर्षांचा, शाळेंत अजून घातला नव्हता, मी चारांचा. माझ्या आठवणींत गर्दीचे पाय आणि वडिलांच्या खांद्यावरून दिसलेल्या पताका तेवढ्या आहेत. बाकीचें आईच्या तोंडून ऐकलेलें. नाथसागराचें धरण तेव्हां झालेलें नव्हतें. उन्हाळा लागला होता, तरी गोदेला ठिकठिकाणीं डोह होते. दिंड्या वाळवंटांत उतरत होत्या. आईनें स्नानानंतर लुगडें पिळण्यासाठीं बापूचा हात सोडला, आणि पुन्हां धरायला गेली तों हात नव्हता.

ती "बापू! बापू!" म्हणून हाका मारूं लागली. अर्धा मराठवाडा जेथें लोटला आहे तेथें बापू काय एक असतो? धोतरवाले, फेटेवाले, मिशा पिकलेले दहा-बारा बापू वळून पाहूं लागले. घटका गेली, दोन घटका गेल्या. कोणी तरी म्हणालें, डोहाकडे पाहा. दोन माणसें पाण्यांत उतरलीं. तेव्हां आईनें एकदां सासूकडे पाहिलें आणि घाटावर उभी राहून, साऱ्या जन्मांत पहिल्यानें, "नारायण! अरे नारायण!" असा टाहो फोडला. आजीनें कानावर हात ठेविले नाहींत. ती नुसती खालीं बसली.

पण त्या हाकेला ओ आली नाहीं. येणार कशी? त्या नांवाचा मुलगा कोण, हें आमच्या बापूला माहीत कोठें होतें?

इकडे वडील यात्रेंतल्या चौकीवर गेले होते. तेथल्या गृहस्थांनीं नांव विचारलें. वडिलांनीं नियमाप्रमाणें संपूर्ण सांगितलें, नारायण गणेश अमुक, राहणार अंबड. ध्वनिक्षेपकावरून घोषणा सुरू झाली कीं, अंबडचा नारायण नांवाचा मुलगा हरवला आहे. त्याच ध्वनिक्षेपकावरून मधून मधून दुसरीहि घोषणा होत होती, बापू नांवाचा एक मुलगा सांपडला आहे, त्याला गांव सांगतां येत नाहीं. वडील चौकीच्या दारांत उभे राहून दोन्ही घोषणा ऐकत होते. त्यांच्या मनांत तेव्हां काय चाललें होतें तें त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं. मनुष्य घाबरला कीं त्याला ऐकूं येतें, पण समजत नाहीं. ज्या मुलासाठीं पाण्यांत माणसें उतरलीं होतीं, तो मुलगा वडिलांपासून वीस पावलांवर, एका कनातीआड, कोणीं दिलेले फुटाणे खात बसला होता. दिवेलागणीस आई तेथें पोंचली. तिनें घोषणा एकदां ऐकली मात्र, आणि म्हणाली, "अहो, तो आपलाच बापू!" कनात बाजूला सारून ती आंत शिरली.

यांत चौकीवरच्या माणसांचा कांहींएक दोष नव्हता. त्यांनीं सांगितलें तें नांव पुकारलें. दोष आमचा, आम्ही मुलाला एक नांव दिलें होतें आणि हाक दुसरीच शिकविली होती. आजीनें त्या रात्रीं आईला एका शब्दानें बोल लावला नाहीं. आईनें घरीं आल्यावर देवापुढें नाक घासलें, तें मुलगा सांपडला म्हणून कीं सासऱ्याचें नांव घेतलें म्हणून, तें तिलाच ठाऊक. आणि दुसऱ्या दिवसापासून पुन्हां 'बापू' सुरू झालें. आई गेली तोंपर्यंत तिनें तें दुसरें नांव पुन्हां घेतलें नाहीं.

बारशाच्या आदल्या रात्रीं बापूदादा जालन्याहून आले. सत्तरीचे झाले आहेत, पण अजून खणखणीत. जेवणें झाल्यावर माजघरांत पैठणची गोष्ट निघाली. ती मीं नव्हे, त्यांनींच काढली. मीं काढली असें सूनबाईंना वाटूं नये म्हणून येथें मुद्दाम नमूद करतों. सूनबाई बाळाला मांडीवर घेऊन ऐकत होत्या. शेवटीं त्यांनीं विचारलें, "मग काका, तुम्हांला नारायण कोण म्हणतं?"

बापूदादा विचारांत पडले. म्हणाले, "बँकेतली माणसं म्हणतात. आणि मतदानाच्या वेळीं एकदां."

सूनबाई कांहीं वेळ बोलल्या नाहींत. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाबा, तुमच्या मनांत तेंच नांव आहे, मला माहीत आहे. माझी तयारी आहे. पण एक अट. कागदावर नारायण आणि घरांत सोनू-मोनू असं चालायचं नाहीं. हाक नारायण. मी मारणार, हे मारणार, आणि आईंनींहि मारायची."

सगळ्यांची दृष्टि आमच्या कुटुंबाकडे गेली. बापूदादा तिचे थोरले दीर. चाळीस वर्षें संसार झाला, तिनें त्यांचें नांव कधीं घेतलेलें नाहीं. वहीखात्यांत लिहायची वेळ आली तर ती माझ्याकडून लिहवून घेते. ती म्हणाली, "बघूं," आणि भांडीं आवरायला उठून गेली. 'बघूं' या शब्दाचा आमच्या घरांतला अर्थ बहुधा 'नाहीं' असा असतो, म्हणून मीं मनांतून कियानाची तयारी केली.

दुसऱ्या दिवशीं बारसें झालें. माझी कन्या आत्या; तिनें बाळाच्या कानांत नांव सांगितलें, पाठीवर रीतसर धपके खाल्ले. नातवानें शेवटपर्यंत मॅग्नसचा आग्रह सोडला नव्हता. त्याची समजूत अशी घातली कीं तुझा भाऊ जगज्जेता झाला कीं पलीकडे तिकडे कोणी तरी आपल्या मुलाचें नांव नारायण ठेवील. त्याला हें पटलें. घुगऱ्या वांटल्या, पाहुणे गेले.

तिसऱ्या दिवशीं सकाळीं मी आणि बापूदादा ओसरीवर चहा घेत बसलों होतों. ऊन अंगणांत उतरलें होतें. सूनबाई न्हाणीघरांत होत्या. आंत पाळण्याची कडी कुरकुरली, आणि स्वयंपाकघरांतून आमच्या कुटुंबाचा आवाज आला. पोळी तव्यावर असावी, कारण घाईंत होती.

"अहो, कोणी आहे का तिकडे? नारायण उठला वाटतं!"

बापूदादांनीं कप खालीं ठेविला आणि आपोआप "ओ" दिली.